मेसच्या दोन जेवणांमधली भूक

पुण्यातल्या कुठल्याही मेसचं वेळापत्रक बघा. दुपारचं जेवण साडेबाराच्या सुमारास सुरू होतं आणि अडीचला पातेली रिकामी होतात. रात्रीचं साडेसात-आठला. सकाळच्या नाश्त्याचं नाव बहुतेक मेसमध्ये नसतंच. रविवारी दुपारी फीस्ट, आणि त्याच रात्री मेस बंद. म्हणजे विद्यार्थ्याच्या आठवड्यात भुकेच्या ठरलेल्या जागा आहेत: सकाळी लेक्चरच्या आधी, संध्याकाळी पाचला, रात्री साडेअकराला आणि रविवारी रात्री. त्या कुणी निवडलेल्या नाहीत, वेळापत्रकानेच पाडल्यात. ‘आजकालची मुलं काहीबाही खातात’ म्हणणाऱ्यांनी दुपारी एकला जेवून रात्री साडेआठपर्यंत लायब्ररीत बसून बघावं.

पाच वाजता पोट रिकामं असतं तेव्हा माणूस निवड करत नाही, समोर दिसेल ते घेतो. आणि समोर काय असतं? टपरी, बेकरी, वडापावची गाडी. तेव्हा खाण्यात काही बदलायचं असेल तर ते पाचला बदलत नाही, सकाळी सॅकमध्ये डबी टाकताना बदलतं. मनोनिग्रह वगैरे मोठे शब्द इथे कामाचे नाहीत.

आधी थोडा हिशोब. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या विद्यार्थ्याला साधारण पन्नास ग्रॅम. आता मेसचं ताट मोजा. तीन पोळ्यांतून दहा ग्रॅम, वाटीभर भातातून तीन-साडेतीन, भाजीतून दोन. वरण मेसचं असेल तर तळ दिसेल इतकं पातळ, त्यातून तीन-चार. एकूण अठरा-एकोणीस. दोन वेळचे मिळून छत्तीस-अडतीस. उरले बारा ते चौदा ग्रॅम, आणि ते भरून काढायला दिवसात एकच जागा उरते, मधलं खाणं. म्हणून संध्याकाळी काय खाल्लं हा प्रश्न चवीपुरता राहत नाही.

त्या जागी बिस्किटं घातली तर? ग्लुकोजच्या बिस्किटांचा पन्नास ग्रॅमचा पुडा म्हणजे सव्वादोनशे कॅलरी, त्यात बारा-तेरा ग्रॅम साखर आणि प्रथिनं साडेतीन ग्रॅम. तासाभरात पुन्हा भूक. खारी आणि क्रीमरोलचा हिशोब याहून वाईट, कारण तिथे मैद्याच्या जोडीला वनस्पती तूप थराथरात असतं. गंमत म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खाणारा वडापाव या बाबतीत बिस्किटांना हरवतो. वड्याचं बेसन आणि पाव मिळून सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं निघतात, पोटही भरतं. वडापावची अडचण तेलाची आहे, त्याकडे पुढे येऊ.

आता फुटाणे. चाळीस ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन मुठी, त्यात आठ ग्रॅम प्रथिनं. तीस ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, एक मूठ, त्यात सात-साडेसात. झाले पंधरा, कमतरता भरली. पाव किलो फुटाणे आणि पाव किलो शेंगदाणे एका माणसाला जेमतेम आठवडा पुरतात, आणि हे दोन्ही मिळून आठवड्याचा खर्च चार-पाच दिवसांच्या रोजच्या वडापावांपेक्षा जास्त होत नाही. फुटाणे सालासकट खा, पोट साफ राहण्याचा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो. मात्र पाणी प्यायला हवं. नुसते कोरडे फुटाणे खाऊन एसी लायब्ररीत तीन तास बसलं की पोट फुगतं आणि दोष फुटाण्यांना लागतो. खारे शेंगदाणे रोजसाठी नकोत. साधे भाजलेले घ्या, सोबत गुळाचा लिंबाएवढा नव्हे, सुपारीएवढा खडा.

शेंगदाण्यांबाबत एक सावधगिरी महत्त्वाची. एखादा दाणा कडू, काळपट किंवा सुरकुतलेला लागला तर थुंकून टाका, आणि असे बरेच दिसले तर सगळी पिशवी फेका. दमट हवेत शेंगदाण्यावर येणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. ‘भाजून घेतले की चालतंय’ हा समज चुकीचा आहे.

हा नुसता कोरडा मामला आठ दिवसांत कंटाळवाणा होतो हे मान्य. त्यावर सांगली-कोल्हापूरकडच्या मुलांकडे तयार उत्तर असतं: भडंग. घरी गेल्यावर करून आणायचं तर पाव किलो भडंगाचे चुरमुरे, पाऊण वाटी तेल, एक अख्खा गड्डा लसूण, दोन काड्या कढीपत्ता, दोन चमचे तिखट, अर्धा चमचा हळद, दोन चमचे मेतकूट, दोन चमचे पिठीसाखर, चवीपुरतं मीठ. शेंगदाणे सहसा शंभर ग्रॅम घालतात. विद्यार्थ्याच्या डब्यासाठी दोनशे घाला आणि वर शंभर ग्रॅम डाळं, मग ते नुसतं तोंड चाळवणं राहत नाही. लसूण ठेचून तेलात टाकला की मंद आचेवर पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत थांबायचं. तो मऊ राहिला तर त्यातलं पाणी दोन दिवसांत सगळ्या चुरमुऱ्यांना मऊ करतं, आणि नंतर दोष डब्याच्या झाकणाला दिला जातो. तिखट घालण्याआधी गॅस बंद करून मिनिटभर थांबा. कडकडीत तेलात तिखट जळतं, रंग तपकिरी होतो आणि घशाशी खवखवतं. चुरमुरे घालून हलवल्यावर पाच मिनिटं मंद आच, मग परातीत पसरून पूर्ण गार. कोमट असताना डबा बंद केला तर आत वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया जाते.

दिवाळीनंतर प्रत्येक रूमवर फराळाचे डबे येतात. त्यांचा क्रम लावून खावा. पोह्यांचा चिवडा आणि चकली आधी, शंकरपाळे नंतर. चकलीतलं तेल हवा आणि उजेड लागला की खवट होतं, आणि खवट वासाची चकली ‘अजून कुरकुरीत आहे की’ म्हणून खाण्यात अर्थ नाही. खिडकीतला काचेचा डबा दिसायला छान, पण फराळासाठी स्टीलचा डबा आणि कपाटाचा खालचा कप्पाच बरा.

सदाशिव पेठ, नारायण पेठ, कर्वेनगर इथे कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची खरी अडचण म्हणजे गॅस नसतो. घरमालक शेगडीला परवानगी देत नाहीत. त्यांच्यासाठी कोकणातला एक पदार्थ जणू मुद्दाम केलेला आहे: दडपे पोहे. यात शिजवणं नाहीच. साठ ग्रॅम पातळ पोहे म्हणजे दोन सैल वाट्या, एका माणसाचा पोटभर नाश्ता. एक कांदा अगदी बारीक चिरून त्याला मीठ आणि चिमूटभर साखर चोळा, पाच मिनिटांत पाणी सुटतं. अर्धा टोमॅटो, थोडी काकडी, अर्ध्या लिंबाचा रस, ओलं खोबरं मिळालं तर तीन-चार चमचे. हे सगळं पोह्यांत कालवायचं आणि वर ताटली ठेवून पंधरा-वीस मिनिटं दडपायचं. फोडणीच्या जागी दोन चमचे शेंगदाण्याची चटणी आणि मूठभर दाणे. चुका ठरलेल्या आहेत. जाडे पोहे घेतले तर ते दातात कचकचतात, कारण कांद्याच्या पाण्याने भिजण्याइतके ते पातळ नसतात. पातळ पोहे पाण्यात भिजवले तर लगदा होतो. खोबरं नसेल तर कोरडं लागतं, तेव्हा हाताने दोन-तीन चमचे पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. यात लिंबू टाळू नका. पोह्यांतलं लोह शरीरात जायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं.

आणि त्याच पोह्यांबरोबर चहा घेतला की ती मदत बरीचशी वाया जाते. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. पोहे-चहा ही जोडी तोडा म्हणणं मराठी माणसाला म्हणजे जरा जास्तच होतंय, पण चहा तासाभराने घेता येतो. मुलींनी हे विशेष मनावर घ्यावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. हॉस्टेलवर ‘सारखी झोप येते, अभ्यास होत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलीने एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यायला हरकत नाही.

केटलकडे वळू, कारण गॅस नसलेल्या खोलीत निम्मं स्वयंपाकघर तीच असते. आधी वीज. साधी केटल 1500 वॅटची असते, म्हणजे 230 व्होल्टला साडेसहा अँपिअर ओढते. खोल्यांमधले छोटे सॉकेट सहा अँपिअरचे. त्यात स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड लावून शेजारी इस्त्री चालवली की बोर्ड वितळतो आणि वॉर्डन केटल जप्त करतो. केटल सोळा अँपिअरच्या मोठ्या सॉकेटला, एकटीच लावा. हॉस्टेलच्या नियमात बसत नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

केटलमध्ये मॅगी शिजवू नये. नूडल्समधल्या पिठामुळे फेस चढतो आणि उतू जातो, मग मुलं झाकण उघडं ठेवतात. केटल आपोआप बंद होते ती वाफेमुळे: वाफ आतल्या वाटेने स्विचजवळच्या धातूच्या पट्टीपर्यंत पोचते, पट्टी वाकते, बटण पडतं. झाकण उघडं राहिलं की वाफ वरच्या वर निघून जाते आणि केटल बंदच होत नाही, तळ करपतो. दूध तापवलं तरी तेच, तळाशी धरलेलं दूध पुढच्या दहा चहांना वास देतं. केटलमध्ये फक्त पाणी. मॅगी स्टीलच्या डब्यात मोडून घ्या, सत्तर ग्रॅमला सव्वादोनशे मिली उकळतं पाणी ओता, झाकण लावून डबा टॉवेलात गुंडाळा, सहा-सात मिनिटं. नूडल्स आधीच वाफवून तळलेल्या असल्यामुळे एवढ्यावर मऊ होतात. मसाल्याची पुडी अर्धीच टाका. एका पाकिटात साधारण दोन ग्रॅम मीठ असतं आणि त्यातलं बरंचसं त्या पुडीत. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम आहे आणि मेसच्या आमटीने ती बहुधा दुपारीच गाठलेली असते. रात्री दोनदा पाणी प्यायला उठावं लागतं ते यामुळे.

अंडी मात्र केटलमध्ये छान होतात. चार अंडी चमच्याने अलगद तळाशी ठेवा, वरून टाकलीत तर तडकतात. अंड्यांवर दोन बोटं पाणी, झाकण बंद, बटण. बटण पडलं की झाकण न उघडता बारा मिनिटं थांबा. पातळ पत्र्याची केटल लवकर गार होते, तेव्हा पाच मिनिटांनी बटण पुन्हा एकदा दाबा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दोन अंड्यांत संध्याकाळची कमतरता जवळपास संपली. नंतर केटल साबणाने धुवा. अंड्याच्या कवचावर जंतू असतात आणि त्याच केटलचं कोमट पाणी पुढे कुणीतरी पितं. फ्रिज नसेल तर उकडलेली अंडी दोन तासांत संपवा, सकाळसाठी ठेवू नका. कच्ची अंडी पुण्याच्या थंडीत आठवडाभर चालतात, एप्रिल-मे मध्ये चार-पाच दिवसांचीच आणा.

मेसमधून पार्सल आणलेला भात रात्रभर टेबलावर ठेवून सकाळी खाण्याची पद्धत तर बंदच करा. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो, त्याचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. ‘मेसचं जेवण बाधलं’ अशी ओरड होते त्यातला काही भाग मेसचा नसून आपल्या टेबलाचा असतो.

टपरीवर काय बघायचं

मित्रांबरोबर टपरीवर जाणं हे भुकेपोटी होत नाही, गप्पांपोटी होतं. ते कुणी सोडणार नाही आणि सोडूही नये. डबीतले फुटाणे आधी पोटात असतील तर टपरीवर नुसत्या चहावर भागतं, एवढाच उपाय. चहाची साखर मोजा. कटिंगमध्ये दोन चमचे साखर म्हणजे आठ ते दहा ग्रॅम, दिवसात चार कटिंग म्हणजे पस्तीस-चाळीस. वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवणं उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. अमृततुल्यचा चहा आधीच साखर घालून उकळलेला असतो, तिथे ‘साखर कमी’ सांगून उपयोग नसतो. चारचे दोन करणं हाच मार्ग.

तळणाचं तेल डोळ्यांनी आणि नाकाने ओळखता येतं. तेल काळपट आणि दाट दिसतंय, वडा सोडल्यावर बारीक फेस येऊन तो विरत नाही, कढई तापायच्या आत धूर निघतोय, वास घशात बसतोय, यांपैकी दोन गोष्टी दिसल्या तर पुढची गाडी बघा. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात जे घटक वाढतात त्यांना टोटल पोलर कंपाउंड्स म्हणतात. 1 जुलै 2018 पासून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्यांची मर्यादा 25 टक्के ठरवली आहे, त्यापुढे ते तेल वापरता येत नाही. गाडीवर हे मोजायला कुणी येत नाही, म्हणून आपलं नाक. कढईतून आत्ता निघालेलाच वडा घ्या. काचेच्या पेटीतला सकाळचा पॅटीस गार होताना तेल आत ओढून बसलेला असतो. पावसाळ्यात वडापावला लसणाची कोरडी लाल चटणी सांगा, हिरवी पाण्याची चटणी नको. तिच्यातलं पाणी कुठलं आणि ती किती वेळ उघडी आहे हे गाडीवाल्यालाही आठवत नसतं. वर्तमानपत्रात गुंडाळून देत असतील तर डबी पुढे करा, छपाईची शाई गरम तेलकट पदार्थाला लागते.

मिसळीला उगाच बदनाम केलंय. तिच्या तळाशी मटकी असते, म्हणजे कॉलेज कँटीनमध्ये मिळणाऱ्या पदार्थांत कडधान्याचा बहुधा एकच. तेल सगळं तर्रीत आणि फरसाणात. ‘तर्री कमी, फरसाण वेगळं, मटकी जास्त’ असं सांगितलं तर बरेच कँटीनवाले देतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2016 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये विद्यापीठांना कँटीनमधून जंक फूड हद्दपार करायला सांगितलं होतं. समोसे आणि पॅटीस तरीही राहिले, कारण ते सकाळी बाहेरून ट्रेमध्ये येतात, ताटली लागत नाही, भांडी घासावी लागत नाहीत आणि दिवसभर टिकतात. इडली सकाळी दहानंतर वातड होते, पोहे कोरडे पडतात. कँटीनचं गणित हे असं आहे. पोहे खायचेच तर नऊच्या आत जा.

रात्र

साडेअकराची भूक दोन प्रकारची असते. एक खरी, कारण साडेसातला जेवण झालंय. दुसरी झोपेची, ती भुकेच्या वेषात येते. फरक ओळखायची साधी खूण: केळं खावंसं वाटत नाही पण चिप्स खावेसे वाटतात, तर ती भूक नाही, पुस्तक मिटायची वेळ झाली आहे.

खरी असेल तर केळं आणि राजगिऱ्याचा लाडू, किंवा कपभर दूध. भुर्जीपावही चालेल, फक्त खाऊन लगेच आडवं होऊ नका, दोन तास तरी जाऊ द्या. नाहीतर सकाळी घशाशी आंबट येतं आणि मुलं ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी सॅकमध्ये ठेवायला लागतात. एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन असायला परवानगी आहे, म्हणजे अडीचशे मिलीच्या कॅनमध्ये 75 पर्यंत. त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला कॅन प्यायलात तर पहाटे चारला निम्मं कॅफिन जागंच असतं, आणि नऊच्या पेपरला तुम्ही पेंगता.

घरपोच देणाऱ्या ॲपवर रात्री एक वाजता खाणं मागवणं महाग पडतं ते पदार्थामुळे कमी आणि रचनेमुळे जास्त. डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून ऐंशी रुपयांची ऑर्डर दोनशेवर नेली जाते, आणि वाढवलेले एकशेवीस रुपये हमखास कोल्ड्रिंक आणि फ्राइजचे असतात. अडीचशे मिली कोल्ड्रिंकमध्येच पंचवीसेक ग्रॅम साखर आली.

रविवारच्या रात्रीचा बंदोबस्त शनिवारी करा, रविवारी दुपारच्या फीस्टनंतर कुणी बाजारात जात नाही. मटकी शनिवारी सकाळी भिजवा, आठ-दहा तासांनी उपसून ओल्या फडक्यात बांधा, रविवारी दुपारपर्यंत मोड येतात. पावसाळ्यात फडकं दोनदा धुवून पिळा, नाहीतर मटकी चिकट होते. वास आला तर टाकून द्या. मोडाच्या उबेत जंतूही वाढतात, म्हणून कच्ची खाऊ नका. डब्यात घालून उकळतं पाणी ओता, दहा मिनिटांनी निथळून तेच पुन्हा एकदा करा. ती थोडी दाताखाली येईल, तशीच छान लागते. त्यावर कांदा, टोमॅटो, लिंबू, मूठभर भडंग. भडंग अगदी शेवटी, ताट हातात घेतल्यावर.